वऱ्हाडी कापूस आणि डाव्या विचारांची ग्रंथपरंपरा

२१ मे १८५३ रोजी निजाम आणि ईस्ट इंडिया कंपनी यांच्यात तह झाला आणि हैदराबाद कंटिंजंट या फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी वऱ्हाड प्रांत कंपनीच्या कारभाराखाली गेला. त्याच वर्षी जून ते ऑगस्ट या काळात लंडनमध्ये राहणारे कार्ल मार्क्स ‘न्यूयॉर्क डेली ट्रिब्यून’ या अमेरिकन वृत्तपत्रासाठी हिंदुस्थानावर लेख लिहीत होते. ८ ऑगस्टला प्रसिद्ध झालेल्या लेखात त्यांनी असे प्रतिपादन केले, की इंग्लंडचे गिरणीमालक हिंदुस्थानात रेल्वे आणू पाहत आहेत ती कापूस आणि इतर कच्चा माल कमी खर्चात बाहेर नेता यावा एवढ्याचसाठी. मात्र एकदा आलेली रेल्वे तेवढ्यावर थांबणार नाही, ती या देशात आधुनिक उद्योगही आणील. वऱ्हाडच्या आग्नेय भागातील वूण म्हणजे वणी जिल्हा, ज्याला १९०५ मध्ये यवतमाळ हे नाव मिळाले, त्याचा पुढचा शंभर वर्षांचा इतिहास या भाकिताच्या पहिल्या अर्ध्या भागाशी फार जुळतो आणि दुसऱ्या अर्ध्याशी फार थोडा. म्हणून समाजवादी व डाव्या विचारांचे वाचन करू इच्छिणाऱ्या या जिल्ह्यातील वाचकाने जाड ग्रंथांना हात घालण्यापूर्वी मार्क्स यांचा हा काही पानांचा लेख वाचावा, हे उचित ठरते.

जमीन, यंत्रे, खाणी, भांडवल ही उत्पादनाची साधने मूठभरांच्या खासगी मालकीत न राहता समाजाच्या मालकीची किंवा नियंत्रणाखाली असावीत, हा समाजवादाचा गाभा होय. ‘डावा’ ही संज्ञा फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात सभागृहाच्या डाव्या बाजूला बसणाऱ्या, राजसत्तेचे अधिकार कमी करू पाहणाऱ्या सभासदांवरून रूढ झाली. येथे ती विस्तृत अर्थाने घेतली आहे. तिच्यात मार्क्सवादी येतात, लोकशाही समाजवादी येतात, आणि ज्यांनी स्वतःला कधी साम्यवादी म्हणवून घेतले नाही, तरी श्रम कोणाचे व मालकी कोणाची हा प्रश्न मुळापासून विचारला, असे महात्मा फुले आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्यासारखे विचारवंतही येतात. मराठीतील डाव्या विचारांचे ग्रंथभांडार प्रामुख्याने मुंबईच्या गिरणी कामगाराभोवती उभे राहिले. त्या गिरण्यांना लागणारा कापूस पिकवणारा कास्तकार आणि तो वेचणारी मजूर स्त्री मात्र त्या भांडारात बराच काळ कडेलाच राहिली, आणि यवतमाळच्या वाचकाला ही उणीव लक्षात ठेवूनच आपली पुस्तके निवडावी लागतात.

१८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले, तेथील कापसाची निर्यात थांबली आणि लँकेशायरच्या गिरण्यांनी हिंदुस्थानकडे मोर्चा वळवला. या कापूसटंचाईचे सविस्तर विवेचन मार्क्स यांच्या ‘भांडवल’ या ग्रंथाच्या तिसऱ्या खंडाच्या सहाव्या प्रकरणात आहे; हा खंड त्यांच्या मृत्यूनंतर फ्रेडरिक एंगेल्स यांनी संपादित करून १८९४ मध्ये प्रसिद्ध केला. कच्च्या मालाची किंमत वाढली की गिरणीमालकाचा नफा कसा आटतो आणि तो भरून काढण्यासाठी कामगाराच्या वेतनावर व मालाच्या प्रतीवर कसा घाला पडतो, हे त्या प्रकरणात दाखवलेले आहे. हिंदुस्थानातून येणारा आखूड धाग्याचा कापूस चालवताना कामगारांचे श्रम वाढत आणि मजुरी घटत असे, ही गोष्टही तेथे नोंदलेली आढळते. दुसरे टोक, म्हणजे कापूस जेथून निघाला त्या शेताची कथा, समजून घेण्यासाठी लक्ष्मण सत्या यांचा ‘कॉटन अँड फॅमिन इन बेरार’ हा १९९७ चा इंग्रजी ग्रंथ आवश्यक आहे. १८५० ते १९०० या अर्धशतकात वऱ्हाडात कापसाखालचे क्षेत्र वाढत गेले, चराईच्या जमिनी व धान्यपिके मागे पडली, आणि १८९६-९७ व १८९९-१९०० या दुष्काळांत बाजारासाठी पिकवणाऱ्या या समृद्ध म्हणवल्या जाणाऱ्या प्रांतात माणसे अन्नाविना मेली, ही त्या ग्रंथाची मांडणी आहे. माइक डेव्हिस यांच्या २००१ मधील ‘लेट व्हिक्टोरियन होलोकॉस्ट्स’ या ग्रंथात आणि स्वेन बेकर्ट यांच्या २०१४ मधील ‘एम्पायर ऑफ कॉटन’मध्येही वऱ्हाडाला स्वतंत्र जागा मिळाली आहे. जागतिक भांडवलशाहीच्या इतिहासात वऱ्हाडचे नाव आदराने नव्हे, पण ठळकपणे येते, ही जाणीव जिल्ह्याच्या शालेय इतिहासातून क्वचितच होते. विसाव्या शतकाच्या आरंभी यवतमाळ-मूर्तिजापूर हा अरुंदमापी लोहमार्ग झाला. ‘शकुंतला’ या नावाने लोकांच्या तोंडी असलेल्या या मार्गाची मालकी स्वातंत्र्यानंतरही दीर्घकाळ खासगी कंपनीकडे राहिली आणि भारतीय रेल्वे तो भाड्याने चालवीत असे. मालकी व वापर यांतला फरक, जो समाजवादी अर्थशास्त्राचा पहिला धडा असतो, तो समजावण्यास याहून जवळचे उदाहरण शोधावे लागत नाही.

मराठीत या सगळ्या प्रश्नांची पहिली मांडणी जोतीराव फुले यांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या १८८३ च्या ग्रंथात आढळते. पाच प्रकरणांच्या या ग्रंथात शेतकऱ्याच्या दारिद्र्याचे एकच कारण न सांगता अनेक कारणांची गुंफण केलेली आहे. सारा व स्थानिक करांचा बोजा, कचेरीतील अंमलदारांची पिळवणूक, विलायती मालामुळे बुडालेले कारागीर, सणावारांच्या व संस्कारांच्या निमित्ताने होणारी धार्मिक लूट, शिक्षणाचा अभाव आणि जंगलखात्याने गिळलेली चराईची जमीन, या सर्वांचा हिशेब फुले एकत्र मांडतात. उपायही ते नेमकेपणाने सुचवतात: ताली-बंधारे घालून माती व पाणी अडवावे, तलाव-धरणे दुरुस्त करावीत, उत्तम जनावरांची पैदास करावी, शेतकऱ्यांच्या मुलांना शेतीचे शिक्षण द्यावे. मार्क्सवादी परिभाषेत ज्याला वरकड मूल्य म्हणतात, म्हणजे श्रमकर्त्याने निर्माण केलेल्या मूल्यातून त्याच्या उपजीविकेचा भाग वजा जाता उरणारा आणि दुसऱ्याच्या हाती जाणारा हिस्सा, त्याचा शेतीतील प्रवास फुल्यांनी ती परिभाषा न वापरता दाखवला. त्याला जातीची व धर्माची यंत्रणा कशी हातभार लावते हे सांगून ते त्या काळच्या युरोपीय समाजवाद्यांच्या पुढेच गेले, असे म्हणण्यास आधार आहे.

या ग्रंथाच्या प्रसिद्धीचा इतिहास तितकाच बोलका आहे. त्याची पहिली दोन प्रकरणे ‘दीनबंधु’ या सत्यशोधक चळवळीच्या वृत्तपत्रात आली आणि पुढची छापण्यास संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी नकार दिला. फुल्यांनी त्याबद्दलची नाराजी लपवली नाही. हेच लोखंडे भारतातील कामगार चळवळीचे आद्य नेते होत. १८८४ मध्ये त्यांनी मुंबईत गिरणी कामगारांची सभा भरवून संघटना उभी केली आणि १८९० मध्ये कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली ती त्यांच्या प्रयत्नांनी. सरकारची व वरिष्ठ वर्गाची नाराजी ओढवेल या भीतीने एका सच्च्या कामगार नेत्याने शेतकऱ्याविषयीचे सर्वांत धारदार मराठी लेखन अर्ध्यावर थांबवावे, ही घटना क्षुल्लक मानता येत नाही. गिरणी आणि शेत यांमध्ये पडलेले अंतर मराठी पुरोगामी छपाईच्या अगदी प्रारंभीच दिसते. वऱ्हाडच्या बाबतीत आणखी एक गोष्ट जोडावी लागते. १८७५ च्या दख्खनमधील दंग्यांनंतर सावकारी पाशाला आळा घालण्यासाठी १८७९ मध्ये जो कायदा झाला, तो पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांपुरता होता. वऱ्हाडचा कर्जबाजारी कास्तकार त्या संरक्षणाबाहेर राहिला, म्हणून ‘असूड’ वाचताना तो पुण्याच्या आसपासच्या शेतकऱ्याविषयी लिहिला असला तरी यवतमाळच्या वाचकाला स्वतःच्या आजोबा-पणजोबांची गहाणखते आठवावीत, असे त्याचे स्वरूप आहे.

विसाव्या शतकात मुंबईने डाव्या वाङ्मयाचे केंद्र होण्याचा मान मिळवला. श्रीपाद अमृत डांगे यांची ‘गांधी विरुद्ध लेनिन’ ही इंग्रजी पुस्तिका १९२१ मध्ये आली आणि पुढच्याच वर्षी त्यांनी ‘सोशालिस्ट’ हे साप्ताहिक सुरू केले. मार्च १९२९ मध्ये देशभरातील कामगार पुढाऱ्यांना अटक करून मीरत येथे कटाचा खटला भरण्यात आला. त्या खटल्यातील एक आरोपी, बर्लिनहून रसायनशास्त्राची डॉक्टरेट घेऊन परतलेले पनवेलचे गंगाधर अधिकारी यांनी १८४८ च्या ‘कम्युनिस्ट जाहीरनाम्या’चा मराठी अनुवाद केला आणि तो १९३१ मध्ये प्रसिद्ध झाला. या काळात तुरुंग हेच डाव्या वाचनाचे खरे विद्यालय होते. नाशिकच्या तुरुंगात १९३२-३३ च्या सुमारास जयप्रकाश नारायण, अच्युत पटवर्धन, मिनू मसानी आदींच्या चर्चांतून काँग्रेस समाजवादी पक्षाची कल्पना आकारास आली आणि १९३४ मध्ये तो पक्ष स्थापन झाला. आचार्य जावडेकरांचा ‘आधुनिक भारत’ हा १९३८ चा ग्रंथ गांधीवाद आणि समाजवाद यांचा मेळ घालू पाहतो आणि आजही त्या पिढीचे मन समजून घेण्यास त्याच्यासारखा दुसरा ग्रंथ नाही. साने गुरुजींनी १५ ऑगस्ट १९४८ रोजी सुरू केलेले ‘साधना’ साप्ताहिक लोकशाही समाजवादी विचार खेड्यापाड्यांपर्यंत नेणारे सर्वांत टिकाऊ साधन ठरले. शेतकरी कामगार पक्षाचा १९५० चा दाभाडी प्रबंध, म्हणजे त्या पक्षाने मार्क्सवाद स्वीकारल्याची तात्त्विक मांडणी, हाही या परंपरेतला महत्त्वाचा दस्तऐवज होय. हे दाभाडी नाशिक जिल्ह्यातले, यवतमाळच्या आर्णी तालुक्यातील दाभडी नव्हे.

हे सारे वाङ्मय वाचनापेक्षा श्रवणातून अधिक पसरले. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्या लाल बावटा कलापथकाने १९४४ पासून पोवाडे व लोकनाट्यांतून जे सांगितले, ते छापील पुस्तिकांनी क्वचितच साधले असते. अण्णाभाऊंची ‘फकिरा’ ही १९५९ ची कादंबरी मात्र वाचलीच पाहिजे, कारण दुष्काळात धान्य लुटून गावाला जगवणाऱ्या माणसाची ती कथा मालमत्तेच्या हक्कापेक्षा जगण्याचा हक्क मोठा मानते. विदर्भात हेच काम सत्यशोधक जलशांनी, पुढे भीमगीतांनी आणि राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या खंजिरी भजनांनी केले. तुकडोजींची ‘ग्रामगीता’ डाव्यांच्या यादीत सहसा येत नाही. तथापि श्रमाची प्रतिष्ठा आणि गावाची सामूहिक जबाबदारी यांवर तिच्यात जो भर आहे, तो पाहता यवतमाळच्या खेड्यात समाजवादाविषयी बोलू इच्छिणाऱ्याने ती बाजूला ठेवणे शहाणपणाचे नाही.

डॉ. आंबेडकरांचे लेखन या परंपरेतील सर्वांत कसदार आणि डाव्या पक्षांनी सर्वांत उशिरा गंभीरपणे घेतलेले लेखन आहे. १९३६ मध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला, खोती ही कोकणातील मध्यस्थ जमीनदारीची पद्धत नष्ट करण्याचे विधेयक मांडले, आणि ७ नोव्हेंबर १९३८ रोजी औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध कम्युनिस्टांच्या बरोबरीने मुंबईत संप घडवला. १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनात मूलभूत उद्योग, विमा आणि शेतजमीन राज्याच्या मालकीची असावी, शेती सामूहिक पद्धतीने व्हावी, आणि हे सर्व साध्या बहुमताने बदलता येऊ नये म्हणून संविधानातच लिहावे, अशी मागणी त्यांनी केली. यालाच राज्य समाजवाद म्हणतात. भूमिहीन मजुराला तुकडाभर जमीन देऊन त्याचा प्रश्न सुटत नाही, ही त्यांची भूमिका कोरडवाहू यवतमाळात पटायला वेळ लागत नाही. २० नोव्हेंबर १९५६ रोजी काठमांडू येथे दिलेल्या भाषणात त्यांनी बुद्ध आणि मार्क्स यांची तुलना केली. दुःख व शोषण दूर करण्याचे ध्येय दोघांचे सारखे मानून हिंसा व हुकूमशाहीचा मार्ग मात्र त्यांनी नाकारला. त्यांचा ‘इंडिया अँड कम्युनिझम’ हा ग्रंथ अपुराच राहिला.

त्या अपुऱ्या ग्रंथाची उपलब्ध प्रकरणे २०१७ मध्ये विस्तृत प्रस्तावनेसह पुस्तकरूपाने आली. ती प्रस्तावना लिहिणारे आनंद तेलतुंबडे हे यवतमाळ जिल्ह्यातील राजूरचे. १९५० मध्ये एका श्रमिक दलित कुटुंबात त्यांचा जन्म झाला. पुढे अभियंता, व्यवस्थापक आणि प्राध्यापक अशी वाटचाल करीत त्यांनी जात आणि वर्ग यांच्या संबंधावर चार दशके लेखन केले. खैरलांजी हत्याकांडावरील त्यांचे पुस्तक २००८ मध्ये आले, महाडच्या सत्याग्रहावरील बृहद् ग्रंथ २०१६ मध्ये, आणि ‘रिपब्लिक ऑफ कास्ट’ हा लेखसंग्रह २०१८ मध्ये. मार्क्सच्या पाया-इमला या रूपकाचा, म्हणजे अर्थव्यवस्था हा पाया आणि धर्म, कायदा, संस्कृती हा त्यावरचा इमला या मांडणीचा, भारतीय कम्युनिस्टांनी शब्दशः अर्थ घेतला आणि जातीला इमल्यात ढकलून तिच्याविरुद्धचा लढा पुढे ढकलला, ही त्यांची टीका आहे. दुसरीकडे आंबेडकरी चळवळीने भाकरीचा व जमिनीचा प्रश्न सोडून अस्मितेत समाधान मानले, हेही ते तितक्याच परखडपणे सांगतात. एप्रिल २०२० मध्ये एल्गार परिषद प्रकरणात त्यांना अटक झाली आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये उच्च न्यायालयाच्या जामिनावर त्यांची सुटका झाली. यवतमाळच्या मातीतून आलेला आणि जगभरच्या विद्यापीठांत वाचला जाणारा हा लेखक त्याच्याच जिल्ह्यात पुरेसा वाचला जावा, ही अपेक्षा अवाजवी नाही. त्यांच्या शेजारी धुळ्याच्या शरद पाटील यांचा ‘दास-शूद्रांची गुलामगिरी’ हा १९८२ चा ग्रंथ ठेवावा. १९७८ मध्ये सत्यशोधक कम्युनिस्ट पक्ष स्थापन करणाऱ्या पाटलांनी मार्क्स, फुले आणि आंबेडकर यांना एका सूत्रात ओवण्याचा सर्वांत महत्त्वाकांक्षी प्रयत्न केला. त्यांची भाषा अवघड आहे, पण तिच्याशी झगडण्याचे मोल मिळते.

जंगलाचा प्रश्न या ग्रंथांत तुलनेने कमी आहे. १० जुलै १९३० रोजी लोकनायक बापूजी अणे यांच्या नेतृत्वाखाली पुसद येथे राखीव जंगलातील गवत कापून जो सत्याग्रह झाला तो काँग्रेसचा होता, समाजवाद्यांचा नव्हता; तरी फुल्यांनी १८८३ मध्ये मांडलेल्या तक्रारीचेच ते उत्तर होते. केळापूर, मारेगाव, झरी-जामणी या तालुक्यांतील कोलाम व गोंड समाजांच्या दृष्टीने वाचायचे पुस्तक त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यातून आले आहे. गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या १९७० च्या आत्मकथनात वारली आदिवासींनी वेठबिगारीविरुद्ध दिलेल्या लढ्याची हकिगत आहे आणि संघटना कशी बांधली जाते हे त्यात ज्या प्रांजळपणे येते, तसे कोणत्याही सिद्धान्तग्रंथात येत नाही.

स्वातंत्र्यानंतर यवतमाळच्या राजकारणात डावी नावे आली, परंतु त्यातून डावे वाचन वाढले असे दिसत नाही. यवतमाळचे जांबुवंतराव धोटे १९७१ मध्ये सुभाषबाबूंच्या फॉरवर्ड ब्लॉक या डाव्या पक्षातर्फे नागपुरातून लोकसभेवर गेले, तेव्हा त्यांच्यामागची शक्ती वेगळ्या विदर्भाची होती. पुसदचे वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना १९७२ पासून कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली. सारा कापूस राज्याने विकत घ्यावा आणि दलालाला हटवावे, ही कल्पना समाजवादी वळणाची होती. ती योजना तोट्यात, उशिरा मिळणाऱ्या चुकाऱ्यात आणि प्रतवारीच्या भांडणात कशी रुतली, याचा निष्पक्ष अभ्यास डाव्यांनी स्वतःसाठीच करायला हवा. याच ठिकाणी शेतकरी नेते शरद जोशी यांचे लेखन वाचावे लागते. शेतमालाला रास्त भाव न देणे हेच सरकारचे धोरण आहे आणि शेतीतून काढलेल्या संपत्तीवर कारखानदारी पोसली जाते, हा त्यांचा सिद्धान्त ‘इंडिया विरुद्ध भारत’ या सूत्रातून गावोगाव पोहोचला. ते समाजवादाचे विरोधक होते. त्यांचा प्रश्न मात्र डाव्यांनाही टाळता येण्यासारखा नव्हता, कारण भांडवलाच्या वाढीला भांडवलशाहीबाहेरच्या शेतीची व वसाहतींची गरज लागते, हे रोझा लक्झेंबर्ग यांनी १९१३ मध्येच लिहून ठेवले होते. जोशींच्या मांडणीत शेतमजूर आणि त्यातही मजूर स्त्री धूसर राहते, आणि तेथे पुन्हा आंबेडकरांकडे वळावे लागते.

१९ मार्च १९८६ रोजी महागाव तालुक्यातील चिलगव्हाणच्या एका शेतकऱ्याने पत्नी व मुलांसह जीवन संपवले. पुढच्या दशकांत हा जिल्हा शेतकरी आत्महत्यांच्या नावाने देशभर ओळखला गेला. २००६ मध्ये पंतप्रधानांनी विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची योजना जाहीर केली, आणि २०१७ मध्ये कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन जिल्ह्यातील वीसहून अधिक शेतकरी-मजूर दगावले. पी. साईनाथ यांनी या मृत्यूंवर वर्षानुवर्षे वार्तांकन केले. त्यांचे ‘दुष्काळ आवडे सर्वांना’ हे मराठीत आलेले पुस्तक विदर्भाविषयी नसून देशातील सर्वांत गरीब जिल्ह्यांविषयी आहे, तरी सरकारी योजना गरिबापर्यंत येताना काय होते हे पाहण्याची दृष्टी त्यातून मिळते. आत्महत्याग्रस्त कुटुंबांतील स्त्रियांचे जगणे श्याम पेठकर यांच्या ‘तेरवं’ या नाटकात रंगमंचावर आले आणि जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळला भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे उद्घाटन अशाच एका शेतकरी स्त्रीच्या हस्ते झाले. पहाटेपासून किलोवर कापूस वेचणाऱ्या, सातबाऱ्यावर नाव नसल्याने शेतकरी म्हणून न मोजल्या जाणाऱ्या स्त्रीच्या श्रमाचे अर्थशास्त्र मराठीत ज्या विस्ताराने लिहिले जायला हवे होते, त्या विस्ताराने ते अद्याप आलेले नाही. ते लिहिण्यास लागणारी सामग्री वणी, पांढरकवडा आणि घाटंजीच्या शेतांत आहे, मुंबईच्या प्रकाशनगृहांत नाही.

वाचनाचा क्रम ठरवताना किमतीचाही विचार करावा लागतो, कारण वर उल्लेखिलेले बरेच इंग्रजी ग्रंथ महाग आहेत. फुल्यांचे समग्र वाङ्मय १९६९ पासून राज्य साहित्य संस्कृती मंडळाने आणि आंबेडकरांचे लेखन व भाषणे १९७९ पासून राज्य शासनाने अल्प किमतीत उपलब्ध केली आहेत; राज्य समाजवादाचा मसुदा त्या मालिकेच्या पहिल्या खंडात आणि बुद्ध-मार्क्स तुलनेचा निबंध तिसऱ्या खंडात आहे. कॉम्रेड गोविंद पानसरे यांची ‘शिवाजी कोण होता?’ ही १९८८ ची पुस्तिका लाखांहून अधिक प्रतींनी घराघरांत गेली, आणि रयतेचा राजा ही कल्पना शेतसाऱ्याच्या व वतनदारीच्या भाषेत समजावणारे तिच्याइतके सोपे दुसरे काही नाही. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली अनुदान घेणाऱ्या तालुक्याच्या वाचनालयांनी ‘असूड’, हे दोन खंड आणि ही पुस्तिका एवढे जरी एका फळीवर ठेवले, तरी सुरुवात करू पाहणाऱ्या वाचकाला नागपूर-मुंबईची वाट पाहावी लागणार नाही.